फ्रिक्वेन्सी बरोबर, मोड चुकीचा : लॉगरमधल्या मेमरीचा घोळ

शहापूरचा_तारवाला
नमस्कार मंडळी. हॅमवाले, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं रेडिओ चालवणारे, इथं मोजकेच आहोत, तरी धागा काढतोय. ही चूक मी एकट्यानंच केली असेल असं वाटत नाही.

बेळगावच्या शहापुरात घराच्या माळ्यावर माझी शॅक, म्हणजे रेडिओची खोली, आहे. आयकॉम ७३०० ही रिग (बिनतारी संच), एक जुना लॅपटॉप, त्यावर एफटी८ (कॉम्प्युटरच्या टोनांनी संदेश पाठवायचा प्रकार) चालवणारं डब्ल्यूएसजेटी-एक्स आणि संपर्कांची नोंद ठेवणारं एक फुकटचं लॉगर. लॉगरचं नाव घेत नाही, कारण निम्मा दोष माझा. त्या लॉगरमध्ये फ्रिक्वेन्सी जतन करायची सोय आहे. नाव द्या, आकडा द्या, मोड (पाठवायचा प्रकार) निवडा, सेव्ह करा. नंतर नावावर टिचकी मारली की रिग तिथं जाऊन बसते. मी हौसेनं २३ नोंदी केल्या. '४० गप्पा', '४० एफटी८', '२० गप्पा', '२० एफटी८', 'सीडब्ल्यू सकाळ', 'स्पेस स्टेशन', आणखी काय काय. आकडे बँडचे, मीटरमधले; सीडब्ल्यू म्हणजे मोर्स.

परवा संध्याकाळी '२० गप्पा'वरून '२० एफटी८'वर टिचकी मारली. रिग १४.०७४ मेगाहर्ट्झवर गेली, पडद्यावर यूएसबी (वरचा साइडबँड, केबलचं यूएसबी नव्हे) दिसलं. सीक्यू, म्हणजे सगळ्यांना हाक, लावलं आणि चहाला खाली निघालो. जिन्यात असताना स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. सहज मागं वळून बघितलं तर रिगवरची पॉवरची पट्टी शिट्टीबरोबर वर उडाली आणि खाली बसली. दुसरी शिट्टी, पुन्हा तेच. एफटी८चा टोन जात असता तर पट्टी १३ सेकंद एका जागी थांबली असती. म्हणजे कॉम्प्युटरचा आवाज जातच नव्हता, माइक उघडा होता, आणि आमची तुरीची डाळ वीस मीटरवर जगाला ऐकू जात होती.

हे पहिलं दुखणं. दुसरं याहून मोठं. त्या निमित्तानं लॉग नीट बघितला तर तीन महिन्यांतले एफटी८चे ३१२ क्यूएसओ (संपर्क) 'एसएसबी', म्हणजे बोलण्याचा मोड, म्हणून नोंदलेत. मी क्यूएसओ लॉगरमध्ये हातानं भरतो, जुनी सवय. कॉलसाइन आणि रिपोर्ट मी लिहायचा, फ्रिक्वेन्सी आणि मोड लॉगर रिगकडून घेणार. रिग म्हणाली यूएसबी, लॉगरनं लिहिलं एसएसबी. तेच लॉगबुक ऑफ द वर्ल्डवर चढवलेत, जिथं दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळल्या तरच संपर्क पक्का धरतात, आणि एकही जुळलेला नाही. मी तीन महिने समजत होतो की लोक आळशी आहेत.

तर प्रश्न असा, की तुम्ही मेमरीत नेमकं काय साठवता?


खानापूरचा_पाऊस
कुकरचं वाचून हसून हसून पोट दुखलं. पण मी पण हेच केलो होतो, माझ्याकडं घंटी होती देवघरातली.

कारण सांगतो. ७३०० मध्ये यूएसबी आणि यूएसबी-डी (डी म्हणजे डेटा) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या यूएसबीत रिग माइककडं बघते, डी लागला की केबलमधून येणाऱ्या आवाजाकडं. आता मजा बघा. आयकॉमच्या भाषेत मोड बदलायचा हुकूम ०६, आणि त्यानं फक्त एलएसबी, यूएसबी, सीडब्ल्यू असलं ठरतं. डी लावायचा हुकूम वेगळा, १ए ०६. तुमचं लॉगर पहिला हुकूम पाठवून हात झटकतं. दुसरा पाठवतच नाही. म्हणून '२० गप्पा'वरून उडी मारली की डी गायब. आधी तुम्ही डी हातानं लावत असणार, म्हणून दोन-तीन महिने कळलं नाही.


शहापूरचा_तारवाला
अगदी. सकाळी एकदा डी लावायचो आणि दिवसभर बँड बदलत एफटी८वरच असायचो. गप्पांना गेलो त्या दिवशी फसलो.


वखारवाला_निपाणी
मला एक कळत नाही. ७३००च्या पोटात ९९ मेमऱ्या आहेत. त्यात फ्रिक्वेन्सी, मोड, फिल्टर, डी सगळं एकत्र बसतं. ती सोडून कॉम्प्युटरात कशाला जायचं? माझी रिग वीस वर्षांची आहे, मेमरी त्यातच, आणि लॉग वहीत. करंट गेला तरी वही उघडते.


शहापूरचा_तारवाला
वखारवाले, वहीला मानलं. पण रिगच्या मेमरीनं रिग बरोबर जागी बसते, लॉगमध्ये काय लिहायचं ते तिला कुठं ठाऊक? यूएसबी-डीवर मी एफटी८ करतोय की त्याच जातीचं एफटी४ की आणखी काही, हे रिगला कळत नाही. तिच्या दृष्टीनं सगळा एकच आवाज. शिवाय ९९ जागांना नावं देत बसायचं म्हणजे त्या छोट्या पडद्यावर एकेक अक्षर टोचत बसणं. माझे डोळे आता तेवढे राहिले नाहीत.


सखी_व्हीयू३
काका, मी नवीन आहे. टिळकवाडीत राहते, रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना मिळून चार महिने झालेत. माझे प्रश्न फार बाळबोध आहेत, हसू नका.

पहिला, चाळीस मीटरवर सगळे एलएसबी (खालचा साइडबँड) म्हणतात, मग ७.०७४ ला यूएसबी का? दुसरा, मी लॉगरमध्ये फ्रिक्वेन्सी टाकते आणि सेव्ह केल्यावर तिथं शून्य दिसतं. चार वेळा केलं.

आणि एक कबूल करते. पहिल्या आठवड्यात मी दुकानात जाऊन एलएसबी केबल मागितली होती. यूएसबी केबलवर चाळीस मीटर कसं चालणार असं वाटलं. दुकानदारानं आत जाऊन शोधली सुद्धा!


मलप्रभा
सखी, त्या दुकानदाराला माझा नमस्कार सांग. नाही म्हणायचं नाही हा आपल्या बाजारपेठेचा धर्म.

१० मेगाहर्ट्झच्या खाली बोलण्यासाठी एलएसबी आणि वर यूएसबी हा जुना शिरस्ता आहे, आणि तो बोलण्यापुरताच. एफटी८ सगळ्या बँडवर यूएसबीनंच चालतं, म्हणून ३.५७३, ७.०७४, १४.०७४, २१.०७४, कुठंही जा, साइडबँड तोच. लॉगरमध्ये 'चाळीस म्हणजे एलएसबी' असा आपोआप नियम लावलेला असेल तर तो काढ, नाहीतर ७.०७४ वर तुला धो धो आवाज येईल आणि एक अक्षर उलगडणार नाही.

शून्याचं कारण ओळखू का? मराठी कीबोर्ड चालू ठेवून टाकतेस ना? लॉगरला ७.०७४ असे देवनागरी आकडे समजत नाहीत. त्याच्या लेखी ते आकडेच नव्हेत. कीबोर्ड इंग्रजी कर आणि बघ.


सखी_व्हीयू३
अय्या! तेच होतं. आता बसलं. धन्यवाद काका (की काकू? नावावरून कळत नाही).


मलप्रभा
काका. नदीचं नाव घेतलंय, कारण घर सौंदत्तीच्या वाटेवर आहे.

आता तारवाल्यांच्या मूळ प्रश्नाकडं येतो, जरा सविस्तर लिहितो.

एका गोष्टीला तीन नावं आहेत, तिथं घोळ होतो. आपण माइकवर बोलतो ते परवान्याच्या भाषेत जे३ई. लॉगमध्ये ते एसएसबी. रिगवर ते यूएसबी किंवा एलएसबी. तिन्ही बरोबर, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. आपल्या गावाचंच बघा, घरी बेळगाव, जुन्या क्यूएसएल (संपर्काच्या पोचपावतीच्या) कार्डांवर बेलगाम, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी. पत्र सगळीकडून येतं, पण फॉर्म भरताना कुठला कागद आहे ते बघावंच लागतं.

एडीआयएफमध्ये, म्हणजे लॉग इकडून तिकडं न्यायच्या फाइलीत, हे नियम पक्के आहेत. मोडच्या रकान्यात एसएसबी लिहायचं. यूएसबी आणि एलएसबी हे सबमोड, ते शेजारच्या रकान्यात. एफटी८ हा स्वतःच मोड आहे. एफटी४ मात्र नाही, त्याला मोड एमएफएसके आणि सबमोड एफटी४. कोणी असं का ठरवलं ते विचारू नका, सोयरिकीसारखं आहे, जमवून घ्यायचं. यूएसबी-डी नावाचा मोड लॉगमध्ये अस्तित्वातच नाही. तो फक्त रिगचा.

म्हणून मेमरीच्या प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी हव्यात. आकडा, रिगनं कुठल्या मोडवर बसायचं, आणि लॉगमध्ये काय लिहायचं. बहुतेक लॉगर शेवटच्या दोन्ही एकच समजतात, आणि तिथंच तुमचे ३१२ गेले. लॉगरमध्ये वेगळा रकाना नसेल तर रिगकडून मोड घ्यायची खूण काढून टाका, फ्रिक्वेन्सी तेवढी घेऊ द्या, आणि मोड क्यूएसओ सुरू करताना स्वतः निवडा. एफटी८चे क्यूएसओ तर हातानं भरूच नका. डब्ल्यूएसजेटी-एक्सकडून २२३७ या नेटवर्क पोर्टवरून लॉगरला थेट जाऊ द्या, त्यात मोड बरोबर असतो.


खानापूरचा_पाऊस
एकदम करेक्ट. आणि आकडा कुठल्या एककात तेही बघा. एडीआयएफ मेगाहर्ट्झ मागतं, बरीच लॉगरं किलोहर्ट्झ, हॅमलिब (रिगशी बोलणारं सॉफ्टवेअर) सरळ हर्ट्झ. १४.०७४, १४०७४, १४०७४०००. माझ्या एका मित्रानं यादी एकातून दुसऱ्यात टाकली आणि रिगला १४ किलोहर्ट्झवर जायला सांगितलो म्हणतो. रिग बिचारी गप्प बसली.

किलोहर्ट्झवाल्यात आणखी एक खोडी आहे. चाळीसवरचं एफटी४ ७.०४७५ वर असतं, म्हणजे ७०४७.५ किलोहर्ट्झ. काही लॉगरं पॉइंटनंतरचं उडवतात. मग ५०० हर्ट्झ खाली जाऊन बसता आणि डिकोड होतात तरी अर्धे, म्हणून शंका पण येत नाही.


शहापूरचा_तारवाला
रिगच्या कॉम पोर्टचं भांडण पण होतं ना? आधी मी दोन्ही प्रोग्रॅम थेट रिगला जोडायला गेलो तर जो आधी उघडेल त्याचं राज्य, दुसरा एरर दाखवून बसायचा. म्हणून दोघांच्या आणि रिगच्या मधला दुवा म्हणून ओम्निरिग हा प्रोग्रॅम घातला. डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये मोडची खूण 'नन'वर आहे.


मलप्रभा
तिथंच अर्धं उत्तर आहे. 'नन' म्हणजे तो रिगच्या मोडला हात लावत नाही. 'डेटा/पीकेटी' निवडा. मग लॉगरनं काहीही केलेलं असो, डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये बँड बदलला की तो डी लावून घेईल. ओम्निरिगमधून डी लागत नसेल तर हॅमलिबचा रिगसीटीएलडी किंवा एफएलरिग वापरून बघा. मी लिनक्सवर आहे, माझ्याकडं रिगसीटीएलडी ४५३२ पोर्टवर बसलेला असतो, कॉम पोर्ट त्याच्या एकट्याच्या ताब्यात, बाकी सगळे त्याला विचारतात. एखाद्या वाड्याला एकच दिंडी दरवाजा असावा तसं. हॅमलिबमध्ये यूएसबी-डीचं नाव पीकेटीयूएसबी आहे, तेवढं ध्यानात ठेवा, नाहीतर यादीत शोधत बसाल.

आणखी एक. रिगला आधी फ्रिक्वेन्सी पाठवायची की आधी मोड? काही रिगांना फ्रिक्वेन्सीनं दुसऱ्या बँडवर नेलं की त्या बँडवर शेवटचा जो मोड होता तो त्या स्वतःच आणतात, म्हणून मोड नंतर हवा. पण काही रिगा यूएसबीवरून सीडब्ल्यूवर जाताना सीडब्ल्यूच्या टोनएवढी फ्रिक्वेन्सी सरकवतात, म्हणून फ्रिक्वेन्सी नंतर हवी. मी सरळ तीनदा पाठवतो, फ्रिक्वेन्सी, मोड, पुन्हा फ्रिक्वेन्सी. रिगला राग येत नाही.


वखारवाला_निपाणी
वहीत एकदाच लिहायचं असतं. असो.

खरंच एक विचारतो. ते हुकूम जातात म्हणजे नेमकं काय जातं? मी तारखात्यातला माणूस, मला तारेत काय चाललंय ते कळल्याशिवाय झोप येत नाही.


खानापूरचा_पाऊस
मामा, तुमच्यासाठीच सांगतो. आयकॉमला १४.०७४ वर जा म्हणायचं झालं तर आकडा हर्ट्झमध्ये दहा अंकी करायचा, ००१४०७४०००. दोन-दोनाच्या जोड्या पाडायच्या, ०० १४ ०७ ४० ००. आणि मग उलट्या क्रमानं पाठवायच्या, ०० ४० ०७ १४ ००. जोडीतले आकडे सुलट, जोड्या उलट. या सगळ्याच्या आधी रिगचा पत्ता, ७३००चा ९४. यासू कंपनीवाल्यांचं सोपं, त्यांच्या ९९१ए रिगला इंग्रजी एफए अक्षरं, मग ०१४०७४०००, शेवटी अर्धविराम. वाचता येतं. केनवूडचं तसंच, फक्त आकडे अकरा.


वखारवाला_निपाणी
हां. आता कळलं. जोड्या उलट्या, हे मला आवडलं. पहिल्यांदाच कोणी नीट सांगितलं.


गडावरचा_हॅम
उशिरा आलो, राजहंसगडावर होतो. पावसाळ्याच्या आधी एक चक्कर मारलीच पाहिजे, वरून सगळं मोकळं असतं.

माझं दुखणं वेगळं आहे, दोन फ्रिक्वेन्सींचं. स्पेस स्टेशनच्या रिपीटरला (ऐकलेलं पुन्हा पाठवणाऱ्या संचाला) वर १४५.९९० वर पाठवायचं, ६७ हर्ट्झचा टोन लावून, आणि ऐकायचं ४३७.८०० वर. शिवाय डॉप्लर, म्हणजे वेगामुळं फ्रिक्वेन्सी सरकणं, आहेच, ७० सेंटिमीटरवर स्टेशन येताना १० किलोहर्ट्झच्या आसपास वर आणि जाताना तेवढंच खाली सरकतं. अशी नोंद लॉगरच्या मेमरीत बसतच नाही, आकड्याला जागा एकच. मी हँडसेटमध्ये चर्प या प्रोग्रॅमनं पाच चॅनेल भरलेत, डॉप्लरच्या पाच पायऱ्या, प्रत्येकात पाठवायची वेगळी आणि ऐकायची वेगळी. लॉगमध्ये मात्र घरी येऊन भरतो. पाठवायची फ्रिक्वेन्सी मुख्य रकान्यात, ऐकायची आरएक्सच्या, आणि प्रोपगेशनच्या (लहर कुठल्या वाटेनं गेली त्या) रकान्यात सॅट. ते सॅट विसरलं तर सॅटेलाइटचा क्यूएसओ जुळणीत अडकतो, म्हणून सांगितलं.

आणि तारवाले, मेमरीसारखंच जागेचंही प्रोफाइल करून ठेवा. मी तीन केलेत, घर, गड आणि निपाणीची सासुरवाडी. हॅमवाले अक्षांश-रेखांशांवरून जगाचे चौकोन पाडतात; बेळगाव, खानापूर, गड हे सगळं एमके७५ चौकोनात. काकती सोडून यमकनमर्डीकडं निघालं की वाटेत १६ अक्षांश ओलांडतो आणि एमके७६ लागतो. संकेश्वर, चिकोडी, निपाणी सगळं ७६. एकदा निपाणीत बसून दिवसभर ७५ नोंदवत होतो, प्रोफाइल बदलायचं विसरलो.


वखारवाला_निपाणी
थांबा, कोल्हापूर कुठल्या चौकोनात?


गडावरचा_हॅम
७६.


वखारवाला_निपाणी
म्हणजे निपाणी आणि कोल्हापूर एका चौकोनात, बेळगाव दुसऱ्यात! इतकी वर्षं भांडतोय आपण, आणि हॅमवाल्यांनी आम्हाला केव्हाच कोल्हापूरला जोडलंय की.


मलप्रभा
मामा, राजकारण धाग्याबाहेर. परवान्याची अट आहे ती, हवेवर तर नाहीच नाही.


सखी_व्हीयू३
काका, अजून एक. लॉगमधल्या जुन्या नोंदीवर डबल क्लिक केलं की माझी रिग त्या फ्रिक्वेन्सीवर जाते. तेच मेमरी म्हणून वापरलं तर चालेल ना? वेगळी यादी करायला नको.


मलप्रभा
बोलण्याच्या नोंदींना चालेल. एफटी८ला नाही. डब्ल्यूएसजेटी-एक्स नोंदीत डायलचा आकडा (रिगच्या पडद्यावरची फ्रिक्वेन्सी) आणि तुझा टोन यांची बेरीज लिहितं. डायल १४.०७४ आणि टोन १५१२ असेल तर नोंद १४.०७५५१२. त्यावर डबल क्लिक केलंस की डायलच तिथं जाईल, म्हणजे दीड किलोहर्ट्झ वर, आणि अर्धे लोक दिसायचे बंद होतील.

तसंच पाठवत असताना मेमरी सेव्ह करू नको. डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या स्प्लिट सेटिंगमध्ये 'फेक इट' निवडलेलं असेल तर पाठवताना डायल ५०० हर्ट्झच्या पायऱ्यांनी सरकतो, आणि तोच सरकलेला आकडा मेमरीत जाऊन बसतो. ऐकताना सेव्ह करायचं. एफटी८ची यादी डब्ल्यूएसजेटी-एक्समध्येच ठेव ना, सेटिंगमध्ये फ्रिक्वेन्सीज नावाचं पान आहे, राइट क्लिक करून नवी घालता येते. रीजन (जगाचा कुठला रेडिओ-विभाग) विचारतं, भारत तीनमध्ये.


शहापूरचा_तारवाला
मंडळी, रविवार सत्कारणी लागला. काय काय केलं ते सांगतो.

आधी ३१२ चं. डब्ल्यूएसजेटी-एक्सची ओके खिडकी मी प्रत्येक वेळी दाबत होतोच, त्यामुळं त्याच्या स्वतःच्या एडीआय फाइलीत सगळे क्यूएसओ बरोबर मोडनं पडलेले होते. बघितलंच नव्हतं कधी! लॉगरमधले खोटे एसएसबी वेगळे काढले, आधी त्यांची प्रत पेनड्राइव्हवर घेतली, मग पुसले आणि ती फाइल आत घेतली. ३१२ च्या जागी ३०९ आले. तिघं राहिले, त्या वेळी बहुतेक करंट गेला असावा. ते हातानं भरले. यूटीसीत, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत, पहाटेची तारीख आदल्या दिवसाची लागते हे तिथं पुन्हा एकदा विसरलो आणि एक नोंद दोनदा दुरुस्त केली. सगळं पुन्हा चढवलं. रात्री जेवून वर गेलो तर १४० जुळले होते. लोक आळशी नव्हते.

मेमरीच्या २३ नोंदी पुसल्या. आता आठच आहेत. एफटी८ आणि एफटी४ एकही नाही, ते सगळं डब्ल्यूएसजेटी-एक्सकडं, मोड डेटा/पीकेटीवर. लॉगरमध्ये फक्त गप्पांच्या आणि सीडब्ल्यूच्या. प्रत्येकीच्या नावातच लॉगचा मोड लिहिलाय, '४० एसएसबी खाली', '२० एसएसबी वर', असं. रिगकडून मोड घ्यायची खूण काढली. यादीची एक साधी टेक्स्ट फाइल केली, तीन रकाने, मलप्रभांनी सांगितले तसे. लॉगर बदललं तरी ती राहील.

आणि रिगमध्ये डी नसताना डेटाचा आवाज पाठवायची वेळ आली तर कळावं म्हणून माइकची वायर काढून खुंटीला अडकवून ठेवलीय. बोलायचं असेल तेव्हा लावतो. हा उपाय कुठल्या पुस्तकात नाही, पण सौ.ना पटला. आता कुकर निवांत लावता येतो म्हणाल्या.


वखारवाला_निपाणी
ती तीन रकान्यांची फाइल मला पाठवा. छापून वहीत चिकटवतो.


शहापूरचा_तारवाला
पाठवतो मामा. उलट्या जोड्यांचा चौथा रकाना घालून देऊ काय?


वखारवाला_निपाणी
घाला की.